हजार घोडे, दहा रेडिएटर

सुपरकारचा विषय निघाला की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. टॉप स्पीड किती? शून्य ते शंभर किती सेकंदांत? आणि किंमत किती? विषय घरी निघाला तर चौथा प्रश्न बाबांचा, "ते सगळं ठीक आहे गं, पण ॲव्हरेज किती देते?" या चारही प्रश्नांची उत्तरं आमच्या होस्टेलमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहेत. थर्मोडायनॅमिक्सचा फॉर्म्युला ऐन पेपरात आठवणार नाही, पण बुगाटी व्हेरॉनचा टॉप स्पीड झोपेतून उठवून विचारा, लगेच सांगतील!

माझी तक्रार एवढीच आहे की आपण इंजिनिअरिंगला आलेली माणसं, तरी पाचवा प्रश्न कुणीच विचारत नाही. एवढी ताकद निर्माण करणारं यंत्र आपली उष्णता टाकतं कुठे? मला वाटतं, सुपरकारमधलं खरं इंजिनिअरिंग या प्रश्नाच्या उत्तरात आहे. आणि तिच्या किमतीचा त्या इंजिनिअरिंगशी असलेला संबंध आपण समजतो त्यापेक्षा खूपच पातळ आहे. हे पटवून देण्यासाठी मी एकच गाडी घेणार आहे. तीच, व्हेरॉन.

त्याआधी एक खुलासा. 'शक्यतो मराठी शब्द वापर' अशी प्रेमळ ताकीद मराठी विभागाच्या संपादक मंडळाने मला दिली आहे. आता माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली, त्यामुळे रेडिएटरला मराठीत काय म्हणतात हे विचारायला मी मामाला फोन केला. मामाचं गॅरेज आहे आणि गेली पंचवीस वर्षं तो मराठीतच गाड्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, "रेडिएटरला रेडिएटरच म्हणतात गं, दुसरं काय म्हणणार?" तेव्हा तो प्रश्न मिटला.

व्हेरॉनच का, असं विचाराल. तिच्याहून वेगवान गाड्या आता आल्या आहेत, मान्य. पण व्हेरॉन जवळजवळ माझ्याच वयाची आहे. २००५ मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं आणि २०१५ मध्ये ४५० वी, म्हणजे शेवटची गाडी बाहेर पडली. थोडक्यात, तिची कुंडली पूर्ण मांडून झालेली आहे. काय ठरवलं होतं, काय जमलं, कशासाठी किती मोजावं लागलं, सगळं आपल्यासमोर आहे.

गोष्ट सुरू होते १९९७ साली जपानमध्ये, बुलेट ट्रेनमध्ये. फोक्सवॅगन ग्रुपचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएच त्या ट्रेनने प्रवास करत होते. हे गृहस्थ फर्डिनांड पोर्श यांचे नातू आणि स्वतः हाडाचे इंजिनिअर. प्रवासात त्यांनी एका पाकिटावर अठरा सिलिंडरच्या इंजिनाचं रेखाटन केलं आणि सोबतच्या सहकाऱ्याशी त्यावर चर्चा केली. इंजिन कागदावर आलं, पण त्याला शोभेल असं नाव ग्रुपकडे नव्हतं. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने बुगाटी हे नाव विकत घेतलं. एत्तोरे बुगाटी यांनी १९०९ मध्ये अल्सास भागातल्या मोल्सहाइम गावात सुरू केलेली ही जुनी कंपनी. व्हेरॉन हे नावही जुनंच आहे. १९३९ ची ले माँची चोवीस तासांची शर्यत बुगाटीतून जिंकलेल्या जोडीतला एक ड्रायव्हर म्हणजे पिएर व्हेरॉन.

मग पिएच यांनी अटी घातल्या. एक हजार एक अश्वशक्ती. ताशी ४०० किलोमीटरच्या वर वेग. शून्य ते शंभर तीन सेकंदांच्या आत. आणि चौथी अट ऐका, दिवसा हे सगळं केल्यावर संध्याकाळी त्याच गाडीतून आरामात ऑपेराला जाता आलं पाहिजे! म्हणजे दिवसा विमान आणि रात्री इनोव्हा. पहिल्या तीन अटींवर सगळे बोलतात. माझ्या मते गाडीला घाम फोडला तो चौथ्या अटीने. कारण फक्त वेगच हवा असेल तर रेसिंगची गाडी बनवता येते. तिचं इंजिन दर काही शर्यतींनंतर उघडावं लागलं तरी कुणाची तक्रार नसते. पण ऑपेराला जाणारी गाडी सिग्नलला उभी राहिली पाहिजे, एसी चालला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवल्यावर निमूट सुरू झाली पाहिजे.

आकडा आधी आणि गाडी नंतर, हा प्रकार आपल्याकडेही त्याच दशकात घडला होता. टाटा नॅनो! रतन टाटांनी एक लाख रुपये हा आकडा जाहीर केला आणि पुण्याच्या इंजिनिअर मंडळींनी त्या आकड्यात बसणारी गाडी बनवली. दोन सिलिंडर, ६२४ सीसी, एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट. जानेवारी २००८ मध्ये ती दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये दिसली. बाजारात ती चालली नाही आणि २०१८ नंतर बंदच पडली, हे खरं. पण व्हेरॉनच्या टीमवर जसं १००१ चं ओझं होतं, तसंच नॅनोच्या टीमवर एक लाखाचं होतं. अवघड आकडा समोर ठेवला की डोकं चालवावंच लागतं. तो आकडा अश्वशक्तीत आहे की रुपयांत, याने डोक्याला फरक पडत नाही.

असो. आता जरा हिशोब करू. घाबरू नका, सोपा आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलो. त्या विरोधावर मात करायला लागणारी पॉवर म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणजेच वेगाचा घन. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट आणि पॉवर आठपट. ताशी २०० किलोमीटरला हवा कापायला जेवढी पॉवर लागते, तिच्या आठपट ४०० ला लागते. व्हेरॉनचा टॉप स्पीड ४०७. समजा, गाडी ३५० वर आहे आणि तिला ४०७ वर न्यायची आहे. वाढवायचे आहेत फक्त ५७ किलोमीटर, पण हवेसाठी लागणारी पॉवर दीडपटीहून जास्त होते. म्हणून तिथे आठ लिटरचं, सोळा सिलिंडरचं, चार टर्बोचार्जर लावलेलं इंजिन आलं. अठराचे सोळा झाले. गाडीचं पूर्ण नाव 'व्हेरॉन १६.४' आहे ते याचमुळे, सोळा सिलिंडर आणि चार टर्बो.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत असतं. आता आय.सी. इंजिनच्या लॅबमध्ये आपण जी हीट बॅलन्स शीट काढतो (आणि मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो!) ती आठवा. ढोबळ मानाने पेट्रोलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला एक तृतीयांश पाणी आणि तेल तापवतो. व्हेरॉनची १००१ अश्वशक्ती म्हणजे ७३६ किलोवॅट. म्हणजे पूर्ण जोरात असताना साधारण तेवढीच उष्णता पाण्यातून आणि तेलातून बाहेर काढायची आहे. घरातला गीझर दोन किलोवॅटचा धरला, तर हे झाले साडेतीनशेहून जास्त गीझर. एका दोन सीटच्या गाडीत, ड्रायव्हरच्या पाठीमागे, सगळे एकदम चालू!

हे गीझर थंड ठेवायला व्हेरॉनमध्ये दहा रेडिएटर आहेत. तीन इंजिनाच्या पाण्यासाठी. तीन इंटरकूलरसाठी, कारण टर्बोने दाबलेली हवा गरम होते आणि तशीच आत सोडली तर फायदा निघून जातो. एक इंजिन ऑइलसाठी, एक गिअरबॉक्सच्या तेलासाठी, एक डिफरन्शियलच्या तेलासाठी आणि एक एसीसाठी. आता प्रत्येक रेडिएटरला हवा हवी. हवा आत घ्यायची तर पुढे तोंड उघडं ठेवावं लागतं, आणि तोंड उघडं ठेवलं की हवेचा विरोध वाढतो. विरोध वाढला की जास्त पॉवर, जास्त पॉवर म्हणजे पुन्हा जास्त उष्णता. कुत्रा स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरतो ना, तसं. हे चक्र कुठेतरी थांबवायचं आणि ४०७ हा आकडाही गाठायचा, म्हणजे व्हेरॉन. गाडी खरं तर २००३ मध्ये यायची होती, आली २००५ मध्ये. ती दोन वर्षं अशा प्रश्नांमध्ये गेली.

दुसरी मजा टायरची. मागच्या टायरची उंची साधारण ७१० मिलिमीटर. ४०७ च्या वेगाला त्याच्या कडेवरच्या रबराला किती ओढ बसते, हे मी कॅल्क्युलेटरवर काढून पाहिलं. दहा ग्रॅमचा तुकडा छत्तीस किलो वजन असल्यासारखा बाहेर खेचला जातो. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर! मिशलाँ कंपनीने या गाडीसाठी खास टायर बनवले ते उगाच नाही. पुढे २०१० मध्ये व्हेरॉन सुपर स्पोर्ट आली, १२०० अश्वशक्तीची. जर्मनीतल्या एहरा-लेसिनच्या ट्रॅकवर, जिथे जवळजवळ नऊ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, तिने ताशी ४३१ किलोमीटरचा विक्रम केला. पण गिऱ्हाइकाला मिळणारी गाडी मात्र ४१५ ला बांधून ठेवली होती, कारण? टायर. इंजिन तयार होतं, हवा कापून झाली होती, रबर नाही म्हणालं. या लिमिटरवरून २०१३ मध्ये गिनीजने तो विक्रम काढून घेतला आणि थोड्याच दिवसांत परत दिला, हा एक वेगळाच तमाशा झाला होता.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. व्हेरॉनमध्ये टॉप स्पीडसाठी वेगळी किल्ली आहे. गाडी उभी करायची, सीटशेजारी ती दुसरी किल्ली फिरवायची, मग गाडी जमिनीपासून फक्त ६५ मिलिमीटरवर बसते, मागचा पंख आत जातो आणि मगच ती ४०० च्या पुढे जायला तयार होते. म्हणजे गाडीच विचारते, "नक्की ना?" आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, नेहमीच्या चालवण्यात ॲव्हरेज लिटरला साधारण चार किलोमीटर. पूर्ण वेगात मात्र शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. बारा मिनिटांत अंतर कापलं जातं ऐंशी-एक्याऐंशी किलोमीटर. म्हणजे लिटरला एक किलोमीटरसुद्धा नाही. बाबा हे ऐकून काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी आपल्या स्कूटरकडे प्रेमाने पाहिलं.

आता किमतीकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

युरोपात व्हेरॉनची किंमत कर सोडून दहा लाख युरोंच्या पुढे होती. ऑक्टोबर २०१० मध्ये ती अधिकृतपणे भारतात आली तेव्हा किंमत होती सोळा कोटी रुपये. सोळा कोटी म्हणजे, नॅनोचा एक लाखाचा आकडा धरला तर १६०० नॅनो. आपल्या कट्ट्यावर याचे दोन अर्थ लावले जातात. पहिला गट म्हणतो, "एवढं इंजिनिअरिंग आहे म्हणून एवढी किंमत." दुसरा गट म्हणतो, "निव्वळ श्रीमंतांचे चोचले. त्यात इंजिनिअरिंगबिंजिनिअरिंग काही नाही." मला दोन्ही गट किमतीच्या लेबलाकडे बघून बोलतात असं वाटतं.

पहिल्या गटाला माझं उत्तर असं. २०१३ मध्ये बर्नस्टाइन रिसर्चने अंदाज केला होता की प्रत्येक व्हेरॉनमागे फोक्सवॅगनला ४६ लाख युरोंच्या आसपास तोटा झाला. तो अंदाज थोडाफार इकडेतिकडे असेल, तरी अर्थ स्पष्ट आहे. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे इंजिनिअरिंगच्या खर्चाच्या जवळपासही नव्हते. म्हणजे किंमत खर्चावरून ठरली नव्हती. मग कामगिरीवरून? तेही नाही. २०२१ मध्ये आलेल्या टेस्ला मॉडेल एस प्लेडमध्ये हजाराच्या वर अश्वशक्ती आहे, शून्य ते शंभरमध्ये ती व्हेरॉनला मागे टाकते, शिवाय पाच माणसं आणि सामान नेते. किंमत व्हेरॉनच्या साधारण एक दशांश. पॉवर आता स्वस्त झाली आहे. तरी बुगाटीच्या गाड्या स्वस्त झाल्या का? उलट झालं. २०१६ ची शिरॉन २४ लाख युरोंना आली आणि २०२४ मध्ये जाहीर झालेली टूरबियाँ ३८ लाख युरोंना. तिच्या फक्त २५० गाड्या बनणार आहेत.

यातला शेवटचा आकडा नीट पाहा. २५०. सुपरकारची किंमत खरी ठरते ती तिथे. आपल्याकडे हापूसची मुहूर्ताची पेटी बाजारात येते तेव्हा लिलावात तिला काय भाव मिळतो ते दरवर्षी पेपरमध्ये येतं. तो आंबा मे महिन्यातल्या आंब्यापेक्षा दहापट गोड असतो का? नसतो. तो पहिला असतो, आणि इतरांकडे नसतो. घेणारा माणूस त्याचे पैसे देतो आणि देतानाही त्याला ते माहीत असतं. त्यात मला वाईट काही वाटत नाही. फक्त त्या भावावरून कोकणातल्या बागायतदाराच्या मेहनतीचं माप काढायला जाऊ नये.

दुसऱ्या गटाला उत्तर द्यायला मला पुण्याजवळ चाकणला जावं लागेल. 'श्रीमंतांची गाडी, आपल्याला काय त्याचं' असं म्हणणाऱ्यांना वाटतं की भारी तंत्रज्ञान वर जन्मतं आणि मग झिरपत झिरपत खाली आपल्यापर्यंत येतं. व्हेरॉनमध्ये गंगा बरीचशी उलटी वाहिली आहे! तिचं सोळा सिलिंडरचं इंजिन म्हणजे अगदी अरुंद कोनात बसवलेल्या सिलिंडरच्या दोन रांगा-जोड्या शेजारी शेजारी. ही अरुंद कोनाची युक्ती फोक्सवॅगनने १९९१ पासूनच पसाट आणि गोल्फसारख्या घरगुती गाड्यांत वापरली होती, कारण छोट्या बॉनेटखाली सहा सिलिंडर आडवे बसवायचे होते. जागा वाचवायची गरज मध्यमवर्गीय गाडीची, फायदा झाला हजार घोड्यांच्या गाडीला. तीच गोष्ट गिअरबॉक्सची. व्हेरॉनचा सात गिअरचा, दोन क्लचचा गिअरबॉक्स रिकार्डो कंपनीने बनवला आणि त्याचं भरपूर कौतुक झालं. पण दोन क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स २००३ मध्येच गोल्फमध्ये आला होता. आणि २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी बाहेर पडली तिच्यातही सात गिअरचा डीएसजी होता, किंमत आठ लाखांच्या आसपास. तो वेगळा आणि छोटा गिअरबॉक्स आहे, पण कल्पना तीच. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, तोवर दुसरा क्लच पुढचा गिअर तयार ठेवतो. आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एखाद्या गाडीत ही कल्पना रोज येते-जाते आणि आपण मात्र मोबाईलवर बुगाटीचे व्हिडिओ बघतो.

म्हणून मी म्हणते, इंजिनिअरिंगला किमतीच्या मजल्यावर ठेवू नका. ते सोळा कोटींच्या गाडीत असतं, आठ लाखांच्या गाडीत असतं आणि लाखाच्या स्कूटरमध्येही असतं. कधीकधी लाखाच्या स्कूटरमध्ये ते जास्त गरजेचं असतं.

हे मी उगाच लिहिलेलं नाही. २०२२ मध्ये आपल्या देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या, काहींमध्ये माणसं गेली. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. एआयएस १५६ या मानकात बदल झाले. त्यातला एक मुद्दा असा की एका सेलमध्ये उष्णतेचा भडका उडाला तर तो शेजारच्या सेलमध्ये पसरून पूर्ण बॅटरी पेटता कामा नये, हे तपासलं गेलं पाहिजे. ही एआयएस मानकं ठरवणाऱ्या समितीचं सचिवालय पुण्याच्या एआरएआयमध्ये आहे. म्हणजे बघा, माझा पाचवा प्रश्न, 'उष्णता कुठे टाकणार?', हा मोल्सहाइममध्ये विचारला गेला तेव्हा त्याच्या उत्तरावर एका अब्जाधीशाची ऑपेराची संध्याकाळ अवलंबून होती. आपल्याकडे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा जीव अवलंबून आहे. स्कूटर रात्री चार्जिंगला जिन्याखाली लागते आणि वर अख्खी बिल्डिंग झोपलेली असते.

आता कुणी म्हणेल, "मॅडम, मग सुपरकार आवडूच नये का?" असं कुठे म्हटलं मी! मला व्हेरॉन मनापासून आवडते. टॉप स्पीडची ती दुसरी किल्ली, पाठीमागे झाकण न घालता उघडं ठेवलेलं ते इंजिन, ताशी २०० च्या वर ब्रेक दाबला की अर्ध्या सेकंदाच्या आत उभा राहणारा मागचा पंख... हे सगळं बघून अंगावर काटा येतो. मेकॅनिकलला मुलगी कशाला गेली, असं नातेवाइकांनी विचारलं की मला उत्तर देता येत नाही, पण त्या उत्तरात व्हेरॉन कुठेतरी आहे हे मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की आवडण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक गिऱ्हाइकाची. त्याला टॉप स्पीड, सेकंद आणि किंमत पुरते. दुसरी बनवणाऱ्याची. त्याला दहा रेडिएटर कुठे कुठे बसवले हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. चार वर्षांची फी भरून आपण पहिल्या प्रकारातच राहिलो तर फीचं काय झालं?

आमच्या कॉलेजच्या बाहा टीमचं उदाहरण देते. मागच्या वर्षी गाडीचा सीव्हीटीचा पट्टा पंधरा-वीस मिनिटांत तापून रबर जळाल्यासारखा वास मारायचा आणि गाडी चढावर दम टाकायची. इंजिन सगळ्याच टीमचं सारखं, दहा अश्वशक्तीचं. व्हेरॉनच्या शंभरावा भाग! आमच्या सिनिअरने काय केलं? सीव्हीटीच्या कव्हरला आत हवा यायला एक आणि गरम हवा जायला एक, अशी दोन तोंडं कापली. पत्रा वाकवून नळकांडी केली आणि आतलं तोंड समोरच्या वाऱ्याच्या दिशेने पण चिखल उडणार नाही इतकं वर ठेवलं. पत्रा, रिव्हेट, रंग धरून खर्च तीनशे रुपयांच्या आत. पट्टा पूर्ण फेरी टिकला. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कुणी फोटोबिटो काढले नाहीत, कारण वाकडातिकडा पत्रा फोटोत काय दिसणार! पण हवा आत कुठून घ्यायची, बाहेर कुठून काढायची आणि त्यासाठी कशाचा त्याग करायचा, हा विचार तोच. व्हेरॉनची जातकुळी आणि आमच्या पत्र्याची जातकुळी एकच आहे, हे मी कुणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.

आता आपल्या टी.ई.च्या मंडळींसाठी थोडं. पुढच्या वर्षी बी.ई.चे प्रोजेक्ट ठरतील, कॅम्पसला कंपन्या येतील. बहुतेक ऑफर सॉफ्टवेअरच्या असतील आणि ज्यांना घ्यायच्या असतील त्यांनी खुशाल घ्याव्यात, घराचे हप्ते कुणाला चुकलेत? पण 'आता सगळं इलेक्ट्रिक होणार, मेकॅनिकल संपलं' असं कुणी म्हटलं तर त्याला बॅटरी किती गरम होते ते विचारा. टूरबियाँमध्येसुद्धा सोळा सिलिंडरच्या इंजिनाबरोबर तीन मोटर आणि बॅटरी आहे. म्हणजे थंड ठेवायच्या गोष्टी वाढल्या, कमी झाल्या नाहीत. प्रोजेक्टसाठी विषय सापडत नसेल तर होस्टेलखालच्या चार्जिंग पॉइंटवर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता एक थर्मोकपल घेऊन उभे राहा. विषय आपोआप सापडेल.

आणि हो, कुणी व्हेरॉनबद्दल बोलायला लागलं तर जरूर बोला, मलाही बोलवा. फक्त सोळा कोटींपासून सुरुवात करू नका. दहा रेडिएटरपासून करा. किमतीवर यायला आपल्याला रात्रीचे दोन वाजतील, आणि तोवर मेस बंद झालेली असेल, पण गप्पा नक्की चांगल्या होतील. बघा, पटतंय का!

— टी. ई. (मेकॅनिकल)